दुसरी सहामाही

"सर, अहवालाच्या मागच्या अंकात दुसऱ्या सहामाहीचा आकडा कोणी भरला होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तो पेन्सिलीला टोक करत बसला होता. बाई औषधं देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. अर्थशास्त्रात प्रबंध लिहून आल्या होत्या आणि पहिल्याच दिवशी ते सगळ्यांना सांगून बसल्या होत्या, म्हणून खोलीने त्यांचं हे नाव पाडलं होतं. प्रश्नात खोच नव्हती. खोच असती तर त्याला बरं वाटलं असतं, कारण खोच परतवायची त्याला सव्वीस वर्षांची सवय होती. "व्यापारवाल्यांनी," तो म्हणाला. "ते म्हणतात उद्योगवाल्यांनी. म्हणजे तुम्ही." "मी नाही." "मग कोणीच नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. आकड्यांशेजारी एक अरुंद रकाना होता. आकडा कोणी भरला त्याचं नाव तिथे आपोआप उमटायचं. वरच्या सगळ्या ओळींत नावं होती, त्याचंही होतं. खालच्या ओळींत, जिथून दुसरी सहामाही सुरू होत होती तिथे, नावाच्या जागी काहीच नव्हतं. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. काही बदललं नव्हतं. गार हवेच्या झडपेखाली बसून त्याला काखेत घाम फुटला आणि स्वतःच्या घामाचा वास आला. ही बाई इथे आलीच कशाला, असं त्याला वाटलं.

खोलीची रीत अशी होती. जगाच्या अर्थव्यवस्थेचं पुढे काय होणार, याचा अहवाल तीन महिन्यांतून एकदा इथून निघायचा. जवळच्या तीन महिन्यांचे आकडे माणसं भरायची, भांडून, घासाघीस करून, एकमेकांची अक्कल काढून. त्यापलीकडचे रकाने रिकामे सोडायचे. ते संगणकातलं गणित आपलं आपण भरायचं. त्या गणिताला एकच गोष्ट ठाऊक होती, की काही झालं तरी वर्षभरात सगळं जुन्या वाटेवर आणून सोडायचं. गाडीवान झोपला तरी सवयीचा बैल घराकडे वळतो, तसं. साध्या वर्षी हे चालून जायचं. पण वसंतात एका आठवड्यात समुद्राचे दोन मार्ग बंद झाले, तेल दुपटीला गेलं, भरलेली जहाजं बंदराबाहेर नांगर टाकून उभी राहिली, आणि बैठकीत ठरलं की या वेळी पुढचे रकानेही हातानेच भरायचे, कारण असं काही बैलानेही पाहिलेलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जेवायला गेले. व्यापारवाल्यांना वाटलं उद्योगवाले भरतील, उद्योगवाल्यांना वाटलं व्यापारवाले. दहा जणांचा पाहुणा उपाशी, तसली गत. गणिताने रिकामी जागा पाहिली, मुकाट्याने आकडे भरले, आणि जगाची रेघ खड्ड्यात जाऊन दुसऱ्या सहामाहीत टुणकन वर आली. त्या रेघेखालचं वाक्य त्याने स्वतः लिहिलं होतं. ‘दुसऱ्या सहामाहीत स्पष्ट सुधारणा अपेक्षित आहे.’ अपेक्षित कोणाला, हे त्या वेळी त्याच्या मनात आलं नव्हतं. ते आत्ता आलं, आणि त्याच्या पाठोपाठ दादा आला.

रविवारी दादाच्या स्वयंपाकघरात दादाने शर्टाच्या खिशातून एक चौघडी घातलेली नोटीस काढली होती. बंदरातल्या क्रेनचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या कारखान्यात दादा सतराव्या वर्षी चिकटला होता आणि आता सत्तावन्नाचा झाला होता. नोटिशीत दोन कागद होते. जो आता आपणहून जाईल त्याला दोन वर्षांचा पगार मिळेल. जो राहील त्याने राहतो म्हणून लिहून द्यायचं, आणि मग कारखान्याची शेड बंद पडली तर जेमतेम कायद्यापुरते पैसे. एकदा दिलेला कागद परत मिळणार नव्हता. गुरुवारी दुपारी दोनपर्यंत काय ते ठरवायचं होतं. "तुमच्या त्या पुस्तकात काय लिहिलंय रे पुढचं?" दादाने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा दादाने त्याचं मत विचारलं होतं. हा माणूस स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावायचा, टोक चालत्या यंत्राला टेकवायचा आणि आतला कुठला दात झिजलाय ते सांगायचा. तो त्या दिवशी मान पुढे काढून, डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहत होता. डॉक्टरकडे पाहतात तसं. त्याला ते आवडलं. इतकं आवडलं की खुर्चीत तो नकळत मागे रेलला. त्याने वहिनीकडे पेन्सिल मागितली, नोटिशीच्या पाठीवर एक रेघ खाली नेली आणि झोकात वर आणली. "आपण इथे आहोत," त्याने टिंब दिलं. "सगळ्यात वाईट ते होऊन गेलं. हे काही माझ्या एकट्याचं मत नाही दादा, चाळीस माणसं बसतात यावर." वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती, ती वळली. "भावजी, नक्की ना?" "नक्की असं जगात काही नसतं वहिनी," तो म्हणाला आणि हसला. ते हसू त्याला आता तोंडावर वाळलेल्या साबणासारखं ताणत होतं. नम्रपणाने हसून त्याने जे सांगितलं होतं ते शपथेवर सांगितल्याइतकंच पक्कं होतं, आणि वहिनीला ते बरोबर कळलं होतं. ती परत भांड्यांकडे वळली तेव्हा तिचे खांदे खाली आले होते.

गुरुवारी दोनपर्यंत, म्हणजे आज. आज गुरुवार होता आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते. फोन करायचा, एवढंच. पण अहवाल बाहेर पडायच्या दिवशी खोलीचा कोंडवाडा व्हायचा. सकाळी दारावर सगळ्यांचे फोन काढून घ्यायचे, लाकडी खणांत ठेवायचे, आणि चार वाजता अहवाल जाहीर होईपर्यंत आतल्याने बाहेर जायचं नाही. आकडा आधी फुटला तर बाजारात कोणीतरी त्यावर घर बांधेल, म्हणून. गेला त्याची खुर्ची गेली. या नियमाचा मसुदाही त्यानेच केला होता, दहा वर्षांपूर्वी, आणि त्याबद्दल त्याची पाठ थोपटली गेली होती. तो उठून साहेबांच्या टेबलाकडे गेला. साहेबांना खोली पाठीमागे ‘इस्त्री’ म्हणायची. कुठल्याही रेघेवर चुणी दिसली की त्यांना ती सपाट केल्याशिवाय राहवत नसे. त्याने आवाज खाली ठेवून सांगितलं. इस्त्रीसाहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं, टाचणीच्या डबीचं झाकण दोनदा उघडलं आणि लावलं.

"छापताना जागा रिकामी गेली नाही ना?" "नाही साहेब. पण आकडा कोणाचाच नव्हता." "अहो, सूर्य कोणाचा असतो? उगवतो ना?" "त्यावर लोकांनी निर्णय घेतले असतील." "लोक," इस्त्रीसाहेबांनी तो शब्द तोंडात चघळून पाहिला. "लोक आपला अहवाल वाचत नाहीत. बँका वाचतात, मंत्रालयं वाचतात, तीही पहिलं पान. तुम्ही नेमकं कोणाबद्दल बोलताय?" माझ्या भावाबद्दल, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. जगाच्या अर्थव्यवस्थेबद्दल चाललेल्या बोलण्यात भाऊ काढायचा म्हणजे दरबारात चड्डीवर जाण्यासारखं होतं. "या अंकात दुरुस्ती छापूया," तो म्हणाला, "बाईंनी या वेळी सगळं हाताने भरलंय. बंदरांची वाहतूक दोन वर्षं खालीच दिसते." "दिसू दे," इस्त्रीसाहेब म्हणाले, "छापू नका. आपण हवामान खातं नाही. पाऊस पडणार म्हटल्याने पाऊस पडत नाही. मंदी येणार म्हटलं की मात्र येते. बँका हात आखडतात, कारखाने माणसं काढतात, आणि मग तुमच्या बाई म्हणतात, बघा, मी सांगितलं होतं. त्यापेक्षा लिहा, सुधारणा अपेक्षेपेक्षा किंचित उशिराने." त्यात तथ्य होतं, हाच त्यातला हरामखोरपणा होता. ज्याच्या त्याच्या तोंडात इथे एक खरी गोष्ट असायची आणि तिच्या आडून बाकीचं सगळं खपायचं. तो जागेवर परत आला आणि त्याने ‘किंचित उशिराने’ असं टंकलं. डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं. त्यांनी खुर्ची जराशी लांब घेतली. खुर्चीच्या चाकाचा तो बारीक आवाज त्याला कानाखाली वाजल्यासारखा लागला.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. तो तक्ते तपासत होता आणि तपासत नव्हता. दादा काही दूधखुळा नाही, तो स्वतःशी म्हणत होता, तो चार जणांना विचारेल, वहिनीही त्याला सहजासहजी सही करू देणार नाही. पण दादा चार जणांना विचारत नसे, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं. वडील गेले तेव्हा दादाने कोणालाच विचारलं नव्हतं. एका सोमवारी शाळेऐवजी तो कारखान्यात गेला आणि संध्याकाळी हाताला काळं ग्रीस घेऊन घरी आला, एवढंच घडलं होतं. त्यानंतर दादाने शाळा सोडली म्हणून तू शिकलास, हे त्याला आईने सांगितलं, मामाने सांगितलं, परीक्षेला जाताना शेजाऱ्यांनी सांगितलं, लग्न झाल्यावर बायकोनेही शिकून घेतलं आणि भांडणात वापरलं. सांगितलं नाही ते एकट्या दादाने. त्याचाच त्याला जास्त राग होता. एकदा जरी दादा म्हणाला असता की तुझ्यापायी माझं वाटोळं झालं, तर दोन शब्द उलट बोलून मोकळं होता आलं असतं. दादा म्हणायचा, "शीक तू, आमचं काय," आणि ग्रीसचे हात साबणाने घासत राहायचा, घासून झालं तरी नखांत काळं उरायचंच. जेवताना त्या नखांकडे बघायला नको म्हणून तो ताटात खाली मान घालून जेवायचा, आणि आई म्हणायची, बघ, कसा गुणी पोरगा आहे. चाळीस वर्षं तो त्या नखांखाली जेवत आला होता. मोठी नोकरी, बदल्या, परदेशातल्या परिषदा, गळ्यात नावाची पट्टी, हे सगळं करून तो सणासमारंभाला दादाकडे यायचा, आणि दादा विचारायचा, "बरं आहे ना?" त्यापलीकडे दादाला त्याच्याकडून काही नकोच असायचं. ज्याला काही नको असतं त्याचा माणूस किती द्वेष करू शकतो, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

आणि मग, एक वाजून गेल्यावर, पोलाद आणि यंत्रसामग्रीचा तक्ता समोर असताना, त्याच्या मनात एक चित्र आलं. शेड बंद पडली आहे. दादा घरी बसलाय. महिन्याच्या पहिल्या तारखेला तो स्वतः पाकीट घेऊन जातो, वहिनी नको नको म्हणते, दादा खाली मान घालतो. दादा खाली मान घालतो, इथे ते चित्र थांबलं आणि त्याला गोड लागलं. लहान मुलाने चोरून खाल्लेल्या साखरेसारखं. ते गोड क्षणभरच होतं, पण ते होतं, आणि त्याची जीभ खोटं बोलत नव्हती. तो उठून स्वच्छतागृहात गेला, नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं. आरशातला माणूस नीटनेटका होता. रविवारी या माणसाला खरंच वाटत होतं का, की सुधारणा होईल? त्याने नीट आठवून पाहिलं. त्याला काहीच वाटत नव्हतं. त्याने छापलेला आकडा वाचला होता आणि त्यात आवाज घातला होता. फसवलं असतं तरी बरं झालं असतं, फसवणाऱ्याला निदान काहीतरी ठाऊक असतं. चाळीस माणसं, सव्वीस वर्षं, आणि ऐन वेळी त्या रकान्यात एकाचाही जीव नव्हता. जगात कुठे कुठे त्या वाक्यावर विसंबून कोण काय करून बसलं असेल, असा विचार त्याने करून पाहिला, पण जग डोळ्यांपुढे येईना. येत होता तो दादा, मान पुढे काढून बसलेला. त्याने कागदी रुमालाने तोंड पुसलं आणि घड्याळ पाहिलं. एक वाजून पंचवीस मिनिटं.

दारावरच्या पहारेकऱ्याने वहीतून डोकं वर काढलं. "साहेब, बाहेर गेलात तर परत आत नाही. आणि मला वर कळवावं लागेल." "कळवा," तो म्हणाला. "तुम्हीच केलाय ना हो नियम?" पहारेकऱ्याला मनापासून आश्चर्य वाटलं होतं. त्याने वहीत सही केली, खणातून स्वतःचा फोन घेतला. मागे काचेतून इस्त्रीसाहेब उभे राहिलेले दिसले, त्यांचा हात वर गेला होता, थांबवायला की निरोप द्यायला ते कळत नव्हतं. जिन्याच्या पहिल्या वळणावर त्याने नंबर लावला. लिफ्टमध्ये आवाज तुटला असता. इमारतीच्या जिन्यात सिमेंटचा आणि जुन्या धुराचा वास होता, सव्वीस वर्षांत तो या जिन्याने कधी उतरला नव्हता. घंटी वाजत राहिली. मग दादाचा आवाज आला. मागे यंत्रांचा आवाज नव्हता, माणसांचे आवाज होते, रिकाम्या शेडमध्ये घुमणारे.

"बोल." "दादा, सही केलीस?" "केली की. सकाळी आठलाच नेऊन दिली. पहिली माझी." "जाण्याची की राहण्याची?" "राहण्याची. तूच तर म्हणालास." तो पायरीवर बसला. "दादा, ऐक. ते मी जे सांगितलं ना, ते कोणी काढलेलंच नव्हतं." "म्हणजे चुकलं?" "चुकलं असंही नाही. तिथे कोणी काही लिहिलंच नव्हतं. जागा रिकामी राहिली आणि संगणकाने आपोआप भरली." "आणि तू रेघ काढलीस ती?" "ती त्यावरूनच." "चाळीस माणसं म्हणालास." "प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने भरलं असेल." "आमच्यात," दादा म्हणाला, आवाज जराही न चढवता, "नट दुसऱ्याने आवळला असेल असं धरून चाललो, तर खाली उभा असलेला माणूस मरतो." "हो." "आता खरं काय ते सांग. रेघ नको." चार वाजायला अडीच तास होते. "दोन वर्षं," तो म्हणाला. "निदान दोन वर्षं बंदरं उठत नाहीत. तुमची शेड टिकणार नाही." "हं," दादा म्हणाला. पाठीमागे कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं.

"माझ्या खिशात अकरा जणांचे कागद आहेत," दादा म्हणाला. "राहतो म्हणून लिहिलेले. रविवारपासून मी सगळ्यांना सांगतोय, ते पुस्तक माझा भाऊ लिहितो. तुझी रेघ दाखवली एकेकाला. दोनच्या आत कचेरीत द्यायचेत." "देऊ नकोस." "ते कळलं मला." "दादा, तुझा कागद परत मागून बघ. मी बोलतो तुमच्या मॅनेजरशी. मी येतो तिथे, या सगळ्यांना मी सांगतो कसं झालं ते." "तू येऊ नकोस," दादा म्हणाला. "तू आलास तर समजावत बसशील." दादा त्याला इतकं लागेल असं आजवर कधी बोलला नव्हता, आणि दादाला ते लागेल म्हणून बोलायचंही नव्हतं, घाई होती एवढंच. "दादा, मी..." "त्या पुस्तकावर तुझं नाव असतं का रे कुठे?" "नाही. संस्थेचं असतं." "बरं झालं," दादा म्हणाला.

फोन बंद झाला नाही. दादाने तो नुसता कानापासून लांब धरला असावा, कारण आता आवाज मोठा पण दुरून येत होता. "अरे, या इकडे सगळे. हे आपापले कागद घ्या आणि फाडा. जाण्याच्या कागदावर सह्या करा, अजून वीस मिनिटं आहेत." गलका झाला. का, आता काय झालं, तूच तर सांगत होतास, तुझा भाऊ तर म्हणाला. "मी थापा मारल्या," दादा म्हणाला. "भाऊ तिथे लिहीत-बिहीत नाही. कागद इकडचे तिकडे नेतो. मला जरा मोठेपणा मिरवायचा होता, मिरवला. सह्या करा." मग थोडा वेळ नुसती पळापळ ऐकू आली, बूट वाजले, पेन कोणाकडे आहे म्हणून कोणीतरी ओरडलं. कोणीतरी विचारलं, "आणि तुझा?" "माझा राहू दे. मला घरी करमत नाही." त्यावर एकजण हसला. दुसरा हसला नाही. त्याने दादाला आईवरून एक सणसणीत शिवी दिली, चार दिवस झोप लागू दिली नाहीस म्हणाला, आणि परत दिली. ती आई दोघा भावांची होती. दादाने उलट शब्द काढला नाही. तो जिन्यात फोन कानाला लावून ऐकत राहिला.